अर्ध्या कमळाचं कवाड

मी कवाड बोलतोय. जोडीतलं उजवं.

आधीच सांगून टाकतो, माझ्या आठवणीवर पुरता भरवसा ठेवू नका. लाकूड सागवानी आहे म्हणून आठवणही सागवानी असेल असं नाही. पुष्कळ गोष्टी मला लख्ख दिसतात आणि लगेच शंका येते, की या खरंच अशा घडल्या, की मनातल्या मनात उगाळून मीच त्यांना असा आकार दिला? त्यातल्या एका गोष्टीवर तर मी वर्षानुवर्षं अडून बसलो होतो. शेजारच्या दाराकडून मला ओल्या तैलरंगाचा वास आला, तो अकरा मार्चच्या आधी की नंतर? प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण त्यावर एका माणसाची भाकरी अवलंबून होती आणि ती भाकरी हिरावण्यात माझाही हात होता. कवाडाला हात नसतो हे मला ठाऊक आहे. तरीही म्हणतो.

माझा जन्म धाराशिवचा. निजामाच्या अमलात तिथल्या एका वकिलांनी घर बांधलं आणि दर्शनी दारासाठी आमची जोडी घडवून घेतली. सुतारानं दोन कवाडं मिळून एक कमळ कोरलं. दार लावलं की फूल पूर्ण व्हायचं. उघडलं की अर्धं माझ्याकडं, अर्धं डाव्याकडं. डावा म्हणजे माझा जोडीदार. आम्ही एकाच खोडाचे.

वकीलसाहेब हैदराबादला शिकलेले. सकाळी पक्षकार ओसरीवर बसायचे आणि साहेब त्यांना समजावून सांगायचे. त्यांचं एक वाक्य मी हजार वेळा तरी ऐकलं असेल. "जवाबदावा म्हणजे भांडण नव्हे. जेवढं विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचं. एक अक्षर जास्त नाही." दाव्याला प्रतिवादीनं द्यायच्या उत्तराला तेव्हा जवाबदावा म्हणत, पुढं त्याला कैफियत म्हणू लागले. हे वाक्य ऐकत मी वीस वर्षं काढली. त्यामुळं मी शिकलेलं कवाड आहे, असं म्हणायला हरकत नाही. शिकलेल्यांचा रोगही मला जडला. मी चटकन बोलत नाही आणि नंतर झुरत बसतो.

संस्थान विलीन झालं, वकीलसाहेब गाव सोडून गेले आणि घर विकलं गेलं. नव्या मालकाला लोखंडी दार हवं होतं. आम्हा दोघांना तेरच्या वीरप्पानं घेतलं. वीरप्पा आणि महांतप्पा हे दोघे सख्खे भाऊ, किराणा दुकानदार. बैलगाडीत गवतावर घालून त्यांनी आम्हाला तेरला नेलं, आणि मी त्यांच्या एकत्र घराच्या दारात उभा राहिलो.

त्या घरात मी सगळ्यात आधी ओळखला तो वीरप्पाच्या बायकोचा आवाज. पार्वतम्मा. माहेर सास्तूरचं, रागावली की कानडीत मोजके शब्द बोलायची आणि मग मराठीत त्यांचा सविस्तर अर्थ सांगायची. दर सोमवारी ती आम्हाला तेल लावायची. फडक्यानं कमळाच्या पाकळ्यांतली धूळ काढताना म्हणायची, "घराचं तोंड हाय हे. तोंड धुतल्याबिगर माणूस तरी भाईर जातंय का?"

तीन-चार वर्षांत भावांचं बिनसलं. कारण मला नीट आठवत नाही. दोघांनाही आठवत नसावं. वाटणी मात्र आठवते. गावचे तात्या आणि आणखी एक वयस्कर गृहस्थ मध्यस्थीला बसले. कागद करायचा का, असं तात्यांनी विचारलं तेव्हा वीरप्पा म्हणाला, "कागद कशाला तात्या? सख्खे भाऊ हाव आमी." म्हणून सगळं तोंडी झालं. नियम एकच ठरला, की जे जोडीचं आहे त्यातलं एकेक. बैल एकेक. समया एकेक. जातं फोडता येईना म्हणून ते मठात देऊन टाकलं. घराच्या मधोमध भिंत घातली. मग महांतप्पा आमच्याकडं बोट करून म्हणाला, "कवाडं?"

पार्वतम्मा म्हणाली, "अवो भावजी, कवाडाची जोडी कुणी तोडतंय का?"

"नेम म्हंजे नेम, वैनी," महांतप्पा म्हणाला.

मधलं मोठं दार बुजवलं आणि भिंतीच्या दोन बाजूंना दोन अरुंद दारं पाडली. गुंडाप्पा सुतारानं मला वीरप्पाच्या चौकटीत बसवलं आणि डाव्याला महांतप्पाच्या. आमच्यामध्ये सहा हातांचं अंतर होतं. पण आम्ही एकाच भिंतीत, एकाच रस्त्याकडं तोंड करून उभे, त्यामुळं तो मला दिसत नव्हता आणि मी त्याला. वाऱ्यानं तो करकरला की तो आहे एवढं कळायचं.

वर्षभरात वीरप्पा तापानं गेला. मूलबाळ नव्हतं. पार्वतम्मा दुकान बंद करून शिवणकामावर राहिली. दर सोमवारचं तेल चुकलं नाही, पण फडकं आता जरा जोरात फिरायचं.

मग ते अठ्ठावन्न साल आलं. मार्चमध्ये पार्वतम्मा सास्तूरला गेली होती, तिची आई आजारी होती. मला पितळी कुलूप लावून ती गेली ती पाडवा तोंडावर आला तेव्हा परतली. या मधल्या दिवसांतच कधीतरी मला शेजारून रंगाचा वास आला. आधी काहीतरी खरवडल्याचा आवाज, मग रंग. ती आल्यावर पाहते तो महांतप्पाचं कवाड हिरवंगार झालेलं.

"पाडव्यासाठी रंग दिला, वैनी," तो म्हणाला.

"कमळाला हिरवा?" ती म्हणाली. "पानं हाईत का ती?"

तो हसला. एरवी तो तिच्या बोलण्याला हसत नसे.

पावसाळ्याच्या तोंडी दोन माणसं हुकूम घेऊन दारात आली. घर खाली करून महांतप्पाच्या ताब्यात द्यावं, असा कोर्टाचा हुकूम होता. पार्वतम्माला आधी कळेना. त्यातल्या एकानं वाचून दाखवलं. महांतप्पानं दावा लावला होता, की भावाभावांत वाटणी कधी झालीच नाही, भाऊ एकत्र कुटुंबात वारला, त्याची बायको केवळ दयेनं इथं राहते. प्रतिवादी समन्स मिळूनही हजर राहिली नाही, म्हणून एकतर्फी निकाल झाला.

"कसलं समन्स?"

"अकरा मार्चला बेलीफ येऊन गेला. घर बंद होतं. पंचांसमोर दर्शनी कवाडाला चिकटवलं, असा त्याचा अहवाल आहे."

पार्वतम्मानं वळून माझ्याकडं पाहिलं. ती नजर मी विसरलेलो नाही, याबद्दल तरी मला शंका नाही. जणू मीच काही लपवलं होतं. मग तिनं तळहात माझ्यावर वरपासून खालपर्यंत फिरवला. गुळगुळीत, तेलकट. कुठं खळीचा खरखरीतपणा नव्हता.

"खोटं," ती म्हणाली. "माझ्या कवाडाला कागद लागला असता तर मला आंधळेपणीबी कळालं असतं."

आणि माझ्या अंगात राग चढला. माझ्यावर आळ! मी उभा असताना माझ्या अंगावर कागद लागला म्हणे, शपथेवर म्हणे! ज्यानं मला कधी हातसुद्धा लावला नाही त्यानं माझ्या नावानं खोटं लिहून द्यावं आणि त्या लिहिण्यावर माझ्या मालकिणीचं घर जावं! त्या क्षणी मी त्या न पाहिलेल्या बेलिफावर डूख धरला. पार्वतम्मानं तर धरलाच.

धाराशिवला बाबूराव नावाचे तरुण वकील होते. पार्वतम्मा त्यांच्याकडून आली ती मनाशी काहीतरी ठरवूनच. गुंडाप्पाला बोलावून म्हणाली, "कवाड उचल. कोर्टात न्यायचंय."

"कवाड? कोर्टात?"

"साक्षीला."

"अन् घर? उघडं ठेवणार?"

घराला राखण म्हणून तिनं समोरच्या हरणाबाईला बसवलं. हरणाबाई म्हणजे गल्लीचे डोळे. दिवसभर अंगणात बसून शेंगा फोडायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याची नोंद ठेवायची. मोकळ्या चौकटीत बाज आडवी टाकून ती बसली. म्हणाली, "जा निवांत. माशी आत जाणार न्हाय."

मला एस.टी.च्या टपावर चढवलं. कंडक्टर खाली उभा राहून ओरडला, "मावशी, घर मोडून चाललाव का?"

"घर मोडणाऱ्याला मोडाय चाललेय," पार्वतम्मा म्हणाली.

"अन् ह्याचं तिकीट?"

"साक्षीदार हाय त्यो. साक्षीदाराचं भाडं सरकारकडून घे."

गाडीतली माणसं हसली. टपावर वारा खात, दोरानं करकचून बांधलेला मी, मीही हसत असेन. बारा वर्षांनी धाराशिवला परत जात होतो आणि तेही कोर्टात, जिथल्या गोष्टी ऐकत मी लहानाचा मोठा झालो होतो. बारा वर्षं खरी का? मोजली तर कदाचित दहाच भरतील.

कोर्टात मला भिंतीला टेकवून उभं केलं. बेलिफाला बोलावलं. त्याचं नाव शंकरप्पा. पन्नाशीचा, अंगावर धुतलेला पण उसवलेला कोट, हातात टोपी. मी त्याला पाहिलं आणि वाटलं, हाच तो.

बाबूरावांनी विचारलं, "समन्स याच कवाडाला चिकटवलं?"

शंकरप्पा जवळ आला. "व्हय साहेब. हेच. नक्षीचं कवाड. अर्ध्या कमळाचं."

"कशानं चिकटवलं?"

"खळीनं. डबा संगं असतोय माझ्या."

"मग खळीचा डाग दाखवा."

त्यानं माझ्यावर हात ठेवला. खरखरीत बोटं होती. त्यानं कमळाच्या पाकळ्या चाचपल्या, खाली, वर, परत खाली. कपाळाला घाम आला. मग म्हणाला, "साहेब, कमळ... कमळ उलटं वाटतंय."

कोर्टात हसण्याची लाट उठली. बाबूराव म्हणाले, "कमळ उलटं, की अहवाल उलटा?"

पार्वतम्मा हसली नाही. ती त्याच्याकडं रोखून पाहत होती, जसं मांजर बघतं. मग पंचांना पुकारलं. दोघेही बसस्टँडवरचे. एक म्हणाला, "आमी त्या गल्लीत गेलोच न्हाय. ह्यानं च्या पाजला अन् अंगठा घेतला."

"हे खरं आहे?" जज्जसाहेबांनी विचारलं.

"व्हय साहेब," शंकरप्पा म्हणाला. "पंच बसस्टँडवर घेतले. भर दुपारी गावात माणूस मिळत न्हाय. समदेच घेत्यात. पन कागद म्या लावला साहेब. देवाशप्पथ, कागद म्या लावला."

जज्जसाहेब स्वतः खाली उतरून माझ्याजवळ आले. त्यांनी नखानं माझं लाकूड खरडून पाहिलं, मग नख नाकाजवळ नेलं. तेलाचा वास आला असेल त्यांना, वर्षानुवर्षांच्या सोमवारांचा. खळीचा डाग धुतला तरी पांढरट कड राहते, हे प्रत्येक गृहिणीला माहीत असतं, त्यांनाही असावं. एकतर्फी निकाल रद्द झाला. खोट्या अहवालाबद्दल शंकरप्पाची चौकशी लागली आणि महिन्याभरात त्याची नोकरी गेली.

ही बातमी बाबूरावांनी निरोपानं कळवली तेव्हा मी परत चौकटीत होतो आणि पार्वतम्मा दारातच बसली होती, माझ्या पायाशी. बातमी ऐकून तिनं माझ्यावरून तळहात फिरवला. मग म्हणाली, "पहिल्याला पाणी पाजलं. आता दुसऱ्याला."

मला आनंद झाला. लपवत नाही. "उलटं वाटतंय" हे त्याचे शब्द माझ्या कानात होते, आणि त्यांचा अर्थ लावायला वीस वर्षं वकिलाच्या दारात काढलेल्या कवाडाला एक क्षणही पुरे होता. मी लावला नाही. मला तो लावायचा नव्हता. मला कुणी विचारलंही नव्हतं.

आता कैफियत द्यायची होती. बाबूराव स्वतः तेरला आले, ओसरीवर बसून लिहू लागले.

"लिवा," पार्वतम्मा म्हणाली. "ह्यो महांतप्पा म्हंजे..." आणि पुढं तिनं कानडीत दोन शब्द सांगितले.

"कैफियतीत शिव्या चालत नाहीत, बाई."

"मग काय चालतंय?"

"खरं."

"मग खऱ्यातच बसवा की शिव्या. वकील हाव का कोण?"

बाबूराव हसले आणि विचारू लागले. वाटणीचा कागद? नाही. तात्या? वारले. दुसरे मध्यस्थ? त्यांना आता काही आठवत नाही, महांतप्पाच्या मळ्यातली भाजी त्यांच्या घरी रोज येते. बाबूरावांनी टाक खाली ठेवला. त्यांचा चेहरा पडला. पार्वतम्माला ते दिसलं. घर जाणार, हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा खरं वाटलं असावं. ती उठली, पदर खोचला आणि माझ्यावर थाप मारली.

"कागद ह्यो हाय."

"म्हणजे?"

"भाऊ एकत्र असत्याल तर कवाडाची जोडी तोडतंय कोन? अर्धं कमळ हितं, अर्धं तिकडं. आना दोन्ही कोर्टात, जोडून बघा."

बाबूराव उठून रस्त्यावर गेले, दोन्ही दारं पाहिली आणि परत येऊन जे लिहायला बसले ते उजेड जाईपर्यंत. कैफियतीतलं एक वाक्य मला पाठ आहे, "ज्या भावांनी एका दाराची दोन कवाडं करून घेतली, ते एका घरात राहत होते असं म्हणणं त्यांच्याच भिंतीला मान्य नाही." वकीलसाहेबांनी हे वाक्य खोडलं असतं. मला ते आवडलं.

कोर्टानं डाव्याला हजर करायला लावलं. आम्ही एकमेकांशेजारी उभे राहिलो, कडेला कड लावून. किती वर्षांनी! मी काळसर तेलकट, तो हिरवा. तरी कमळ जुळलं, पाकळीला पाकळी, देठाला देठ. जज्जसाहेबांनी जुळलेल्या रेघेवरून बोट फिरवलं. महांतप्पा मागं उभा होता. तो कमळाकडं पाहतच नव्हता. तो डाव्याच्या वरच्या टोकाकडं पाहत होता. हे मला आज आठवतं. की आजच मी ते घालतोय त्या चित्रात?

पुढच्या तारखेच्या आत महांतप्पा तडजोडीला आला. वाटणी झाल्याचं तो कोर्टात लिहून देईल, दावा मागं घेईल, पण खोट्या दाव्याचं प्रकरण वाढवू नये. गल्ली जमली होती. पार्वतम्मा म्हणाली, "चालतंय. पन मला त्याचं कवाड पायजे."

"कवाड?" महांतप्पाचा चेहरा पांढरा पडला. "वैनी, दुसरं काय बी मागा. कवाड नको."

"नेम म्हंजे नेम असं तुमीच म्हनला होता, भावजी. आता माझा नेम."

"मी नवीन करून देतो तुमाला. शिसवी देतो."

"मला हेच पायजे."

त्यानं हात जोडले. अख्ख्या गल्लीसमोर त्यानं वहिनीपुढं हात जोडले आणि तिनं मान हलवली नाही. आम्हाला वाटलं, मानहानी त्याला सोसवत नाही. जितका तो विनवत होता तितकं तिला गोड लागत होतं. मलाही. त्या दिवशी त्याच्या चौकटीवर पोतं लटकलं.

आता दोन कवाडं पुन्हा एका दारात येतील, अशी मला आशा होती. पार्वतम्माच्या मनात वेगळंच होतं. तिच्या उंबऱ्यापुढून गटार जायचं. तिनं डाव्याला त्यावर पालथं घातलं. "येनारा-जानारा पाय दिऊन यील," ती म्हणाली. "म्याबी रोज पाय दीन."

आणि दिला. आठ वर्षं दिला. प्रत्येक वेळी जरा दाबून. तेव्हापासून माझा जोडीदार मला रोज समोर दिसायला लागला, पण पाठमोरा. तोंड चिखलाकडं.

सहासष्ट साली तो मधोमध कुजून खचला. पार्वतम्माचा पाय अडकला, घोटा मुरगळला. तिनं शिव्या देत गुंडाप्पाला बोलावलं. आता तोही म्हातारा झाला होता. त्यानं पहारीनं डाव्याला उचलून उलटं केलं. तोंड वर आलं. कमळाचा चिखल झाला होता, पण वरचं टोक गटाराच्या दगडी काठावर टेकलेलं असायचं, ते कोरडं राहिलं होतं. तिथला हिरवा रंग पापुद्र्यासारखा सुटला होता. गुंडाप्पानं सहज बोटानं तो सोलला.

"पार्वतम्मा, हितं कागद हाय."

वीतभर तुकडा. वरचा भाग कुणीतरी खरवडून काढलेला, खालचा लाकडाला घट्ट. जांभळा शिक्का. शाळेतल्या लीलाबाई रस्त्यानं चालल्या होत्या, त्यांनी वाकून वाचलं, "...हजर न राहिल्यास एकतर्फी... कवाडास चिकटवले. शंकरप्पा, बेलीफ."

पार्वतम्मा गटाराच्या काठावर तशीच खाली बसली.

समोरून हरणाबाई आली. कागद पाहून म्हणाली, "अगं बाई, ह्यो का? टोपीवाला मानूस आला होता तवा. वीरप्पाचं घर कुठलं म्हनून इचारलं. म्या म्हनलं, त्ये काय, नक्षीचं कवाड."

"नक्षीची दोन हाईत, हरणे!"

"मला काय ठावं त्यो कुठल्याला गेला! म्या शेंगा फोडीत होते."

"कोर्टात का न्हाय बोललीस?"

"कोर्टात कुठं होते मी? तूच बसवलं होतंस न्हवं मला हितं, राखनीला? कवाड कोर्टात गेलं होतं म्हनून!"

महांतप्पा त्याच्या नव्या दारात येऊन उभा होता. पार्वतम्मानं वर पाहिलं. आवाज चढला नाही तिचा.

"भावजी. तुमच्याच कवाडाला होता."

"होता," तो म्हणाला. "संध्याकाळी मळ्यातून आलो तर डकवलेला. निम्मा खरवडला, निम्मा निघंना. रंग दिला."

"अन् त्या गरिबाची नोकरी घालवलीत!"

"म्या?" महांतप्पा म्हणाला. "म्या कागद झाकला, वैनी. त्यो माझा गुन्हा. पन टपावर कवाड बांधून त्याला पानी पाजाय तुमी गेला होता."

तिनं पदरानं त्या कागदावरची धूळ पुसली.

दुसऱ्या दिवशी ती लंगडत एस.टी.नं धाराशिवला गेली. कागद तिनं ओलसर फडक्यानं हळूहळू सोडवून वहीत घातला होता. बाबूराव आता नावाजलेले वकील झाले होते. त्यांनी तो पाहिला आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले. शंकरप्पा दोन वर्षांपूर्वी वारला, असं त्यांनी सांगितलं. नोकरी गेल्यावर त्यानं तीन अर्ज केले होते, तिन्ही फेटाळले गेले. मग तो कोर्टाबाहेर अर्ज लिहिणाऱ्यांजवळ, लिंबाखाली बसायचा. वकील दिसला की उठून म्हणायचा, "साहेब, कमळ उलटं होतं." कागद लावताना त्यानं डावं अर्धं पाहिलं होतं आणि कोर्टात त्याच्यापुढं उजवं उभं केलं होतं. पोरं त्याला उलटं कमळ म्हणूनच हाका मारायची.

हे तिनं मला सांगितलं नाही. कवाडाला कोण सांगतं? ती हरणाबाईला सांगत होती, मी ऐकलं. मग तिनं चुलीवर खळ शिजवली. एका वाटीत घेऊन दारात आली. दर सोमवारचं तेल मला त्या दिवशी लागलं नाही. तिनं माझ्या वरच्या भागावरचं तेल राखेनं घासून काढलं, लाकूड कोरडं केलं आणि तो वीतभर तुकडा माझ्या अंगाला चिकटवला. तळहातानं दाबून धरला, खळ वाळेपर्यंत. तिची बोटं कागदाच्या कडा पुन्हा पुन्हा चाचपत होती. शंकरप्पाचीही अशीच फिरली होती, माझ्या पाकळ्यांवर, खाली, वर, परत खाली. तेव्हा मला ते खोट्याचं लक्षण वाटलं होतं.

डाव्याला तिनं धुऊन घरात नेलं. कुजलेला भाग कापून उरलेला तुकडा देव्हाऱ्यामागं उभा केला आहे. आता तो पुन्हा मला दिसत नाही.

पार्वतम्मा अजून दारातच बसते. महांतप्पाशी बोलत नाही, त्याच्यावर रागही काढत नाही. राग काढायला तिच्याकडं जोर आहे, पण तो आता कुणावर काढावा हे तिला ठरवता येत नसावं. मलाही येत नाही. कधी महांतप्पावर चिडतो, कधी हरणाबाईवर, कधी त्या कोर्टातल्या हसण्यावर. फिरून फिरून माझ्याच अर्ध्या कमळापाशी येतो. जेवढं विचारलं तेवढंच बोलायचं, हा धडा मी फार चांगला शिकलो होतो.

पुढंमागं हे घर कुणाकडं जाईल, कुणी मला रंग द्यायला काढेल. त्या माणसाला माझी एवढीच विनंती आहे, की वरची वीतभर जागा सोडून रंग दे. आता मला माझ्या आठवणीवर विसंबायचं कारण उरलेलं नाही. कागदावर शिक्क्याखाली शंकरप्पाच्या हातची तारीख आहे, अकरा मार्च एकोणीसशे अठ्ठावन्न. हिरवा रंग त्या तारखेच्या वर होता. म्हणजे तो वास मला नंतरच आला होता.